नाणे सापडते तेव्हा काय हरवते?

१/ सह्याद्रीतून कोकणात उतरणाऱ्या दोन प्राचीन वाटा शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतून जातात. नाशिकहून थळघाटाने येणारी वाट शहापूरमार्गे, तर जुन्नरहून नाणेघाटाने येणारी मुरबाडमार्गे कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाते. या वाटांवरून शतकानुशतके माल गेला, सैन्ये गेली आणि त्यांच्यासोबत चांदीची नाणीही गेली. त्यामुळे मेटल डिटेक्टरच्या चित्रफिती पाहणाऱ्या कुणालाही वाटते, ‘इथे शोधले तर काय सापडेल?’ या धाग्यात त्याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहू.

२/ आधी यंत्राविषयी. त्याच्या कड्यातून बदलता विद्युतप्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. जमिनीतील धातूत त्यामुळे सूक्ष्म प्रवाह उमटतात आणि यंत्र ते टिपते. चांदी उत्तम विद्युतवाहक असल्याने तिचा संकेत ठळक येतो. मात्र नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापरांजवळ, किती नाण्यांसोबत आहे, हे यंत्राला कळत नाही. इतिहासाला नेमके तेच हवे असते.

३/ याचे सर्वांत बोलके उदाहरण थळघाटाच्या माथ्यापलीकडचे आहे. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तो अभ्यासून १९०८ मध्ये प्रसिद्ध केला. संख्या होती १३,२५० च्या आसपास.

४/ ही नाणी क्षहरात वंशातील क्षत्रप नहपानाची. वजन जेमतेम दोन ग्रॅम. एका बाजूस राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस वज्र आणि बाण. अक्षरे तीन लिप्यांतील : ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी. एवढ्याशा चांदीवर तीन लिप्या वागवणारे हे राज्य पश्चिम किनाऱ्याच्या व्यापारावर उभे होते.

५/ पण त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचे चैत्यचिन्ह किंवा उज्जैनचिन्ह उमटवलेले, आणि सोबत गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव. जुनी नाणी वितळवून नवी पाडण्याऐवजी सातवाहनांनी शत्रूच्या नाण्यांवरच आपली मुद्रा उठवली आणि ती पुन्हा चलनात आणली.

६/ गौतमीपुत्राने क्षहरातांचा निर्वंश केला, हे नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखातून ठाऊक होते. परंतु तो पराभूत क्षहरात नेमका कोण? साठ्यात नहपानाखेरीज दुसऱ्या कोणत्याही क्षत्रपाचे नाणे नव्हते. म्हणजे नहपान आणि गौतमीपुत्र यांच्यामध्ये तिसरा राजा मानायला जागा उरली नाही. हा निष्कर्ष एखाद्या सुट्या नाण्यातून निघाला नसता. साठा एकत्र राहिला, मोजला गेला, म्हणून तो काढता आला.

७/ आणखी एक गोष्ट. सर्व नाण्यांवर नाव नहपानाचेच, पण चेहरे सारखे नाहीत. कुठे नाक लांब, कुठे आखूड. कुठे तरुण, कुठे वृद्ध. हे स्कॉट यांच्या ध्यानात आले, कारण हजारो नाणी त्यांच्यासमोर एकत्र होती. ही चित्रे कुटुंबातील निरनिराळ्या व्यक्तींची असावीत, असे त्यांनी सुचवले. मत पटो वा न पटो, प्रश्न पडायलासुद्धा संपूर्ण साठा लागतो.

८/ या चांदीचे मोल काय होते? नहपानाचा जावई उषवदात याने विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा एक टक्का व्याजाने कायमचे ठेवले, असे नाशिकचाच एक लेख सांगतो. वर्षाचे व्याज २४०. त्यातून २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. कार्षापण म्हणजे याच प्रकारची नाणी असे धरले, तर जोगलटेंभीच्या साठ्यात सुमारे ११०० भिक्षूंच्या एका वर्षाच्या वस्त्रांची सोय होती.

९/ साठाच हवा असेही नाही. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला. तेथील अवशेषांसोबत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे एक न झिजलेले नाणे मिळाले. नाणे पाडले जाण्याआधी ते तिथे ठेवलेले असणे शक्य नाही. म्हणून त्या ठेवीचा काळ दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धाशी जोडता आला. तेच नाणे बाजारात सुटे मिळाले असते, तर स्तूपाविषयी ते काहीच बोलले नसते.

१०/ आता कल्पना करा : जोगलटेंभीचा साठा रात्री उकरला गेला. दोन-तीनशे देखणी नाणी संग्राहकांकडे, उरलेली सराफाच्या मुशीत. पुढे एखाद्या अभ्यासकाच्या हाती दुहेरी ठशाचे एक नाणे येते. ते राज्याच्या धोरणाचा पुरावा मानायचे की टांकसाळीतील एखाद्याची लहर? उत्तर कायमचे वितळलेले असते.

११/ कायदा काय म्हणतो? १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत, किंवा जमिनीशी पक्क्या जोडलेल्या भिंतीसारख्या वस्तूत, दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि आपला वाटाही जातो. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते; घराच्या भिंतीत सापडलेला राणीछाप रुपयासुद्धा. संरक्षित स्थळी विनापरवाना खोदणे हा स्वतंत्र गुन्हा.

१२/ याच कायद्याची दुसरी बाजू गावोगाव पोहोचत नाही. धनावर कुणाचाही हक्क सिद्ध झाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याचे, एक चतुर्थांश जमीनमालकाचे. मात्र सरकारने ते ताब्यात घेतले तर मोबदला फक्त धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा. दोन ग्रॅम चांदीचे असे किती होणार? भातखाचरात मडके लागलेल्या शेतकऱ्याला सराफ जवळचा आणि कचेरी दूरची वाटते, ती यामुळेच. नुसत्या शिक्षेच्या भीतीने इतिहास वाचणार नाही.

१३/ तुलनेसाठी इंग्लंड पाहा. नोव्हेंबर १९९२ मध्ये हॉक्सन गावी एरिक लॉज यांना हरवलेला हातोडा शोधताना रोमन नाणी लागली. त्यांनी पुढे खणणे थांबवून कळवले आणि पुरातत्त्वज्ञांनी उरलेला साठा जागेवरच नोंदवला : १४,८६५ नाणी आणि सोन्याचांदीच्या इतर वस्तू. बक्षीस मिळाले १७.५ लाख पौंड, तेही बाजारभावाने ठरवलेले. तो हातोडासुद्धा ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवला आहे.

१४/ तेव्हा शहापूर-मुरबाडच्या मित्रांनो, गडावर वा घाटवाटेत यंत्र घेऊन उकरू नका. नांगरताना, पाया खणताना काही लागलेच तर तिथेच थांबा. जागेची छायाचित्रे घ्या, मडक्याची खापरेही जपा, नाणी घासू-धुऊ नका, वाटून घेऊ नका. तलाठ्यांना सांगा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून पोच घ्या. त्या पोचेवर तुमचा हक्क टिकतो, आणि नाणे कुठे, कशासोबत होते, याची पहिली नोंदही तीच असते.