सरोवर गमावलेले गाव : प्रस्तावना

उत्तर इस्रायलमधले येसुद हामाअला हे गाव हुला सरोवराच्या काठी वसले. आज ते सरोवर तिथे नाही. १९५१ ते १९५८ या काळात ते मुद्दाम आटवले गेले. या गावाच्या इतिहासात शिरायचे तर इथूनच शिरावे, असे मला वाटते.

मराठी वाचकाला ज्यू म्हटले की जुन्या कुलाबा जिल्ह्यातले शनिवार तेली आठवतात. ते म्हणजे बेने इस्रायल, कोकणात शतकानुशतके रुजलेले. ही गोष्ट वेगळी आहे. १८८३ मध्ये पोलंडमधल्या, म्हणजे तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या, मेझरिच गावची काही ज्यू कुटुंबे ऑटोमन राजवटीतल्या या दलदलीशेजारी येऊन राहिली. शेतीचा सराव बेताचा, आणि मलेरिया दाराशी. पॅरिसच्या बॅरन एडमंड द रोथशिल्ड यांनी हात दिला नसता तर गाव टिकले असते की नाही, शंकाच आहे. हात मात्र फुकट नव्हता. त्यामागोमाग कारभारी आले आणि त्यांच्या लहरीही आल्या. अत्तरासाठी गुलाब नि जिरेनियम लावून पाहिले, रेशमासाठी तुती लावून पाहिली. तापाने फणफणलेल्या वस्तीत अत्तराचा उद्योग काढणे हे वरून चालवलेल्या नियोजनाचे अस्सल उदाहरण आहे.

वसाहतकारांच्या आठवणी वाचताना दलदल म्हणजे शत्रू, हे समीकरण पटकन पटते. पण त्याच पाण्यावर घवारना अरब जगत होते. पपायरस कापून चटया विणायच्या, त्याच चटयांच्या झोपड्या उभारायच्या, म्हशी पाळायच्या, मासे धरायचे. १९४८ च्या युद्धात खोऱ्यातली बहुतेक अरब गावे रिकामी झाली, आणि दलदलीकडे घर म्हणून पाहणारी माणसे सरोवर आटवण्याच्या निर्णयाच्या वेळी तिथे फारशी उरली नव्हती. गावाच्या स्मरणग्रंथांतून ही बाजू सहसा हाती लागत नाही, म्हणून नव्या अभ्यासकाने ती आधी धुंडाळावी.

मलेरियाच्या बाबतीत तर तारखाच बोलतात. डासांचा माग घरोघर, डबक्याडबक्यापर्यंत काढण्याची पद्धत इस्रायल क्लिग्लर यांनी १९२० च्या दशकात पॅलेस्टाइनमध्ये रुजवली. १९४० च्या दशकात डीडीटी आले आणि हुला खोऱ्यातला ताप झपाट्याने ओसरला. सरोवर आटवायला घेतले ते त्यानंतर. तेव्हा ‘तापासाठी तळे आटवले’ हे स्पष्टीकरण अपुरे आहे. जमिनीची भूक हे त्यामागचे मोठे कारण होते. मिळालेल्या जमिनीनेही पुरती साथ दिली नाही. उघडी पडलेली पीट माती वाळली, पेटली, धुळीने उडाली, आणि तिच्यातले नायट्रेट जॉर्डन नदीतून खाली किनेरेत सरोवराच्या गोड्या पाण्याकडे वाहू लागले. १९९० च्या दशकात खोऱ्याचा एक भाग पुन्हा पाण्याखाली आणावा लागला. दरम्यान, १९६४ मध्ये उरल्यासुरल्या पाणथळीचे देशातले पहिले अभयारण्य झाले होते. हुलाचा चित्रबेडूक १९९६ मध्ये नामशेष म्हणून जाहीर झाला आणि २०११ मध्ये याच अभयारण्यात जिवंत सापडला.

हिब्रू येत नाही म्हणून कोणी उंबरठ्यावर थांबू नये. क्लिग्लर यांचे मलेरियावरचे १९३० चे पुस्तक इंग्रजीत आहे. वसाहतीच्या आधीचे सरोवर पाहायचे असेल, तर छोट्या नावेतून जॉर्डन नदी पालथी घालणाऱ्या जॉन मॅकग्रेगर यांचे १८६९ चे प्रवासवर्णन घ्यावे. त्यांना घवारनांनी नावेसकट पकडले होते. तो भाग तर आधी वाचावा.