नरोऱ्याची ती १७ तासांची अंधारी वेळ

अणुभट्टीचा धोका म्हटलं की सगळे चेर्नोबिलचं नाव घेतात. आपल्याच देशातलं नरोरा मात्र फारसं कुणाला आठवत नाही. उत्तर प्रदेशात, गंगेकाठी हे अणुवीज केंद्र आहे.

३१ मार्च १९९३. पहाटे साडेतीनच्या सुमाराला पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. टर्बाइन जोरात हादरलं, जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर आला आणि पेटला. पाठोपाठ तेल पेटलं. आग केबलपर्यंत पोचली आणि त्या युनिटची सगळी वीज गेली, ती जवळपास १७ तास. कंट्रोल रूममध्ये धूर भरला, माणसांना तिथून बाहेर पडावं लागलं.

भट्टी बंद केली तरी इंधनातली उष्णता निघतच राहते, म्हणून पाणी फिरतं ठेवावं लागतं. इथे पंपाला वीजच नव्हती. शेवटी आग विझवायचे डिझेल पंप कामी आले. भट्टी पुन्हा चालू होऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी बॅटरीच्या उजेडात वर चढून हातानं बोरॉनचं द्रावण सोडलं. किरणोत्सर्ग बाहेर आला नाही, तो या माणसांमुळे.

मग बॅकअप नव्हता का? होता की! पण मुख्य आणि बॅकअप, दोन्हीच्या केबल एकाच मार्गानं नेलेल्या. एका आगीत दोन्ही गेल्या.

हा धडा तेव्हाच १८ वर्षांचा जुना होता. २२ मार्च १९७५ ला अमेरिकेत, अलाबामातल्या ब्राउन्स फेरी केंद्रात हवेची गळती शोधायला मेणबत्ती धरली, फोम पेटला आणि १,६०० वर केबल जळाल्या. २०११ ला फुकुशिमात डिझेल जनरेटर होते, पण बहुतेक तळघरात. त्सुनामीचं पाणी आलं आणि ते एकदमच बंद पडले.

अणुवीज हवी की नको, हा वाद आज मी घालत नाही. पण आपल्या राज्यात तारापूर १९६९ पासून आहे आणि जैतापूरची चर्चाही थांबलेली नाही. म्हणून सांगतो, उद्या कुणी साहेब जनसुनावणीत म्हणाले की 'काळजी नको, बॅकअप आहे', तर मान डोलावून घरी येऊ नका. उभं राहून विचारा: साहेब, त्याची केबल कुठून जाते?