भाऊसाहेब बांदोडकर

१. दयानंद बाळकृष्ण बांदोडकर (१९११–१९७३). पेडण्याचे खाणमालक, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. १९६३ च्या निवडणुकीत ते स्वतः उमेदवार नव्हते. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जिंकला, मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे आले आणि मग पोटनिवडणुकीतून ते विधानसभेत गेले. खाणीच्या पैशातून केलेल्या दानधर्मामुळे ते आधीच घरोघरी माहीत होते. तरी त्यांचे मोठेपण दानात शोधू नये. या धनिकाच्या सरकारने १९६४ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा केला आणि खेडोपाडी मराठी शाळा काढल्या, हे अधिक मोलाचे.

दुसऱ्या राज्यात विलीन होण्याच्या प्रश्नात किनवट आणि बांदोडकरांचा गोवा यांची तुलना करता येते. किनवट तालुका १९५६ मध्ये राज्य पुनर्रचना कायद्याने आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात आला; इथल्या गोंड, कोलाम, बंजारा वस्त्यांना कोणी मत विचारले नाही. गोव्यात मात्र १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन होण्याचा बांदोडकरांचा आग्रह ३४,०२१ मतांनी फेटाळला गेला. त्याच मतदारांनी दोन-अडीच महिन्यांत त्यांच्या पक्षाला पुन्हा सत्ता दिली. मृत्यूपर्यंत ते मुख्यमंत्री होते. पुढे कन्या शशिकला काकोडकर त्या पदावर आल्या.