खानदेशातील रक्तपरीक्षेची वाटचाल : सिकलसेल आणि थॅलेसेमिया

खानदेशाचा इतिहास लिहिताना कापूस, केळी, रेल्वे आणि बाजारपेठा यांचाच विचार प्रामुख्याने होतो. परंतु येथील माणसांच्या रक्तातही एक इतिहास दडलेला आहे आणि तो वाचण्याची विद्या गेल्या काही दशकांत आपल्या दारी आली आहे. तिचा हा अल्प परिचय.

रक्ताला लाल रंग देणारे आणि शरीरभर प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य म्हणजे हिमोग्लोबिन. १९१० साली शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी एका तरुण रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. इंग्रजीत विळ्याला ‘सिकल’ म्हणतात. म्हणून या आजाराचे नाव सिकलसेल. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की दोष मुळात हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे; विजेच्या प्रवाहात हे हिमोग्लोबिन नेहमीच्या हिमोग्लोबिनपेक्षा निराळ्या गतीने सरकते. पुढे व्हर्नन इन्ग्राम यांनी त्याचे नेमके कारण शोधले. १४६ मण्यांच्या माळेतील केवळ सहावा मणी बदललेला असतो. वस्त्रातील एका धाग्याने सारा पोत बिघडावा, तसाच हा प्रकार.

भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष आढळला. १९५८ साली शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील नोंद ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. महाराष्ट्रात पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी गावोगावी फिरून केलेले कार्य मोलाचे ठरले. त्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार भिल्ल, पावरा, माडिया, परधान आदी जमातींमध्ये वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्के आढळले. पाच हजारांहून अधिक रुग्ण असावेत असा अंदाज ज्या जिल्ह्यांबाबत त्यांनी वर्तविला, त्यांत नंदुरबारही होता. हा जिल्हा १ जुलै १९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग होता, हे येथे ध्यानी घ्यावे. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या सातपुडा व सह्याद्रीलगतच्या तालुक्यांतही यांपैकी काही जमातींची वस्ती आहे.

२००८ च्या सुमारास राज्य शासनाने सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. त्यातील पहिली चाचणी साधी आहे. बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब विशिष्ट द्रावणात टाकतात. नळीमागे धरलेल्या कागदावरील रेघा स्वच्छ दिसल्या तर दोष नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर संशय धरावा. परंतु ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे या नळीतून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस करतात. वाहकाच्या पट्टीवर ‘ए’ आणि ‘एस’ असे दोन पट्टे उमटतात, तर रुग्णाच्या पट्टीवर ‘ए’ उमटत नाही. एच.पी.एल.सी. यंत्र हिमोग्लोबिनच्या प्रत्येक प्रकाराचे प्रमाण टक्केवारीने देते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे.

हा आजार डोंगरातल्यांचा, आपला नव्हे, अशी शहरवासीयांची समजूत असते. ती अपुरी आहे. हिमोग्लोबिनचाच दुसरा दोष म्हणजे थॅलेसेमिया. सिंधी, पंजाबी, गुजराती, लोहाणा, कोळी अशा अनेक समाजांत त्याचे वाहक अधिक आढळतात. व्यापारी पेठाही त्याला अपवाद नाहीत. नळीतील गढूळपणाच्या चाचणीत तो दिसत नाही. ‘ए-२’ हिमोग्लोबिन साडेतीन टक्क्यांहून अधिक आढळले, तर थॅलेसेमियाचा वाहक असल्याचे बहुधा निश्चित होते.

येथे एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावी. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. तो सर्वसाधारण आयुष्य जगतो, आणि म्हणूनच तपासणीवाचून त्याला स्वतःलाही काही कळत नाही. एकच जोडीदार वाहक असेल, तर अपत्याला हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. एक सिकलसेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला, तरी धोका टळत नाही. तीव्र थॅलेसेमियाच्या बालकाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. त्या मातापित्यांचे दुःख शब्दांत सांगता येत नाही.

तरीही अनेक घरांत अहवाल दडवून ठेवला जातो. मुलीचे लग्न अडेल, ही भीती त्यामागे असते. वस्तुतः दोष माता-पिता दोघांकडूनही येऊ शकतो. केवळ सुनेला बोल लावणे हा अन्याय आहे. परिचय-मेळाव्यांत जन्मवेळ, गोत्र आणि शिक्षण आवर्जून विचारले जाते. त्याच मोकळेपणाने दोन्ही पक्षांनी रक्ततपासणीचा अहवाल पाहावा आणि तो पाहून कोणाला कमी लेखू नये. एवढे साधले, तरी एखाद्या बालकाच्या वाट्याचे आयुष्यभराचे दुःख टळेल.