तासाची पहिली आणि शेवटची पाच मिनिटे

वर्धा शहरालगतच्या सावंगी (मेघे) येथे १९९० साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वैद्यकीय महाविद्यालयांत मोठ्या वर्गातील व्याख्यानांबरोबर लहान गटांची ट्युटोरियल्सही असतात. विद्यार्थी मोजके, शिक्षक एक. असा तास सुरू कसा करावा आणि संपवावा कसा, हा प्रश्न साधा वाटतो. पण त्यामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

पाठाच्या टाचणातील 'पूर्वज्ञान', 'हेतुकथन', 'उपयोजन' हे रकाने आपल्या परिचयाचे आहेत. त्यांचे मूळ जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट (१७७६–१८४१) यांच्या विचारांत सापडते. नवी कल्पना रुजते ती आधीच्या कल्पनांच्या आधाराने, असे ते मानत. त्सिलर आणि राइन या अनुयायांनी त्यातून पाठाच्या पाच पायऱ्या बांधल्या. पायऱ्या उपयुक्त होत्या. मात्र प्रत्येक पायरीवर पुढे उभा असे तो शिक्षकच.

शिकण्याची सुरुवात शिकणाऱ्याकडून व्हावी, हा विचार वर्ध्याला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार तेथे मांडला गेला आणि झाकिर हुसेन समितीने त्याचा आराखडा तयार केला. ती योजना शाळांसाठी होती.

वैद्यकीय शिक्षणात शिकणाऱ्याला पुढे आणणारी पद्धत कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ पासून रूढ केली. तेथे गटापुढे आधी रुग्णाची हकिकत येई. आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही, हे विद्यार्थीच ठरवत. बैठक संपताना, पुढच्या वेळेपर्यंत काय शोधून आणायचे तेही तेच ठरवत. एका तासाचा शेवट म्हणजे पुढच्या तासाची सुरुवात झाली.

मग तास संपताना "समजले ना?" एवढे विचारून का भागत नाही? रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग पाहा. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के! तासाच्या शेवटी वाटणारे 'समजले' किती फसवे असते, ते यातून दिसते.

विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजाराचे उदाहरण घेऊ. समजा, त्यावर ट्युटोरियल आहे. सुरुवातीला पाच मिनिटे वह्या मिटून प्रत्येकाने माहीत असलेले लिहावे. शिक्षकाने फक्त वाचावे. शेवटी एकच प्रश्न द्यावा : आई-वडील दोघेही वाहक आहेत, पहिली तिन्ही मुले निरोगी आहेत, तर चौथे आजारी असणारच का? 'चारांत एक' पाठ असलेला विद्यार्थी पटकन 'हो' म्हणतो. वस्तुतः प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता नव्याने २५ टक्केच असते. हा गैरसमज वर्गात उघडा पडला नाही, तर उद्या तोच डॉक्टर तो एखाद्या कुटुंबाच्या पदरात घालील.

म्हणून सारांश सांगण्याची घाई आपण आवरावी. शेवटची पाच मिनिटे विद्यार्थ्याला लिहू द्यावे आणि ते कागद पुढच्या तासाच्या तयारीला घ्यावेत. शाळेतही हे करता येते. त्याला खर्च फक्त कागदाचा.