एका एकवीस अंकी संख्येची फोड

२ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला की १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस अंकी संख्या मिळते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त स्थानांची नावे परार्धापाशी, म्हणजे एकावर सतरा शून्यांपाशी संपतात, त्या मापाने ही संख्या पावणेपंधराशे परार्धांहून थोडी मोठी भरते.

मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये एक यादी छापली. घातांक २५७ पर्यंत घेतले, तर २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकरा घातांकांनाच अशी वजाबाकी मूळ संख्या देते, असे त्याचे म्हणणे होते. एवढे आकडे त्या काळी पडताळणे कोणाच्याच आवाक्यातले नव्हते, खुद्द मेर्सेनच्याही नाही. यादीत ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते, तर ६७ आणि २५७ उगाच शिरले होते. ६७ हा ६१ च्या जागी पडलेला छापखान्यातला दोष असावा, असा एक तर्क आहे. पण तो तर्कच.

१८७६ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने ६७ घातांकाची संख्या मूळ नाही, हे दाखवले. गंमत अशी, की तिचा एकही अवयव त्याच्या हाती लागला नव्हता. संख्या फुटते एवढे त्याच्या कसोटीतून कळे, कुठे फुटते ते कळत नसे. तो शोध आणखी सत्तावीस वर्षे रखडला.

शोधाला एक आधार फर्माने १६४० मध्येच देऊन ठेवला होता. घातांक विषम मूळ संख्या असेल, तर प्रत्येक मूळ अवयव घातांकाच्या दुपटीच्या कोणत्या तरी पटीपेक्षा एकाने जास्त असतो. ११ घातांकाला २०४७ येतात. त्याचे अवयव २३ आणि ८९, म्हणजे २२ अधिक १ आणि ८८ अधिक १. ६७ साठी ही दुप्पट १३४. चाळणी बारीक खरी, पण तिच्यातूनही लाखो उमेदवार उरतात.

कोलंबिया विद्यापीठातले फ्रँक नेल्सन कोल यांनी आणखी कडक अटी लावून ते कमी केले. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत त्यांनी उत्तर मांडले: १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. यातला लहान अवयव १३४ च्या १४४५५८० पटीत १ मिळवून येतो. कोल यांनी अवाक्षर न काढता फळ्याच्या एका बाजूला घात काढून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला गुणाकार केला आणि दोन्ही उत्तरे जुळल्यावर ते टाळ्यांच्या गजरात जागेवर जाऊन बसले, ही हकिकत ई. टी. बेल यांची. या कामाला ‘तीन वर्षांचे रविवार’ लागले, हे कोल यांचे उत्तरही त्यांनीच नोंदवले आहे. बेल गोष्ट रंगवून सांगणारे लेखक होते, तेव्हा फळ्याचा प्रसंग जपूनच घ्यावा. गुणाकार मात्र कोणीही करून पाहावा.

२५७ घातांकाचा दावा १९२० च्या दशकात खोटा ठरला. ६७ ची फोड साधा संगणक आता क्षणार्धात करतो.