पेडण्याचा पिनकोड

आईच्या ट्रंकेत मावशीची जुनी पत्रे सापडली. ती पेडण्याची, आम्ही बांद्याचे. हद्द ओलांडली की एकमेकांचे गाव. पण तिचा पिनकोड ४०३५१२, आमचा ४१६५११. या दोन आकड्यांनी मला कामाला लावले.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रातील विलीनीकरण ३४,०२१ मतांच्या फरकाने नाकारले. पुढे १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याची कल्पना संस्कृत पंडित आणि सरकारी अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारी जिल्ह्याचे, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. त्यात मुंबई ४००, अलिबाग ४०२, पुणे ४११. आणि गोव्याच्या वाट्याला आले ४०३. कौलात वेगळा राहिलेला गोवा टपालात महाराष्ट्राच्या आकड्यांमध्येच बसला. आकड्यांच्या क्रमाने पाहिले तर तो मुंबईला आमच्यापेक्षाही जवळचा!

यात राजकारण शोधण्याचा मोह मलाही झाला. पण पिनकोड राज्य विचारत नाही, पत्रांची थैली कुठे फोडायची तेवढे सांगतो. म्हणूनच ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले, तरी ४०३ कायम राहिला.

आता मात्र हाच आकडा माणसे निवडतो. परवा मोबाइलवरून औषध मागवताना ‘या पिनकोडवर सेवा उपलब्ध नाही’ असे उत्तर आले. मी पेडण्याचा पत्ता दिला. मावशी गेली, पण तिच्या मुलाने पार्सल उतरवून घेतले आणि संध्याकाळी स्कूटरवरून बांद्याला आणून दिले.